कपाटावरची निळी खूण

धाकटी लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा घरातली सगळी कामं आधीच वाटली गेली होती. स्वयंपाक सासूबाईंचा, बाजारहाट नवऱ्याचा. सल्ले द्यायचं काम मोठ्या दिरांचं, तेही फोनवरून, कारण त्यांची नोकरी फिरतीची. उरलं होतं एकच काम, जे कुणालाच नको होतं. ठकीला झोपवणं.

ठकी ही जाऊबाईंची मुलगी, पाच वर्षांची. दिवसभर घर डोक्यावर घ्यायची. पण साडेआठ वाजले, दिवा मालवायची वेळ झाली, की तिची बोबडी वळायची. जाऊबाईंची दवाखान्यातली पाळी नेमकी संध्याकाळची. सासूबाईंनी दटावून पाहिलं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणून पाहिलं. त्यानं भीती गेली नाहीच, वर पोरीला ब्रह्मराक्षस कळला.

"तू नवीन आहेस," जाऊबाई धाकटीला म्हणाल्या. "तुझं ऐकेल बघ. नव्याचे नऊ दिवस तरी."

धाकटी कमी बोलायची आणि जास्त बघायची. तिचा पगारच त्याचा होता. शर्टांच्या कारखान्यात ती तपासणीच्या टेबलावर बसे. शिवून आलेला शर्ट उलटायचा, शिवण, काजं, बटणं बघायची, आणि सगळं ठीक असेल तर आतल्या बाजूला निळ्या खडूनं बरोबरची खूण करायची. तिच्या खुणेचं शेपूट भलतंच लांब असे. शंभर शर्टांत तिचा शर्ट ओळखू येई.

पहिल्या संध्याकाळी तिनं "काही नसतं गं" असं म्हटलं नाही. ती ठकीच्या पलंगावर बसली आणि विचारलं, "कुठे असतं ते?"

ठकीनं पांघरुणातून बोट बाहेर काढलं. समोर भिंतीतलं कपाट होतं, दोन दारांचं. आत हिवाळ्याचे कोट टांगलेले.

"कसं आहे?"

"माझ्याएवढंच. त्याला अंथरूण नाहीये, काकू. म्हणून ते माझ्या अंथरुणाकडे बघत बसतं..."

धाकटीनं पर्समधून खडू काढला. "चल, तपासून टाकू. आमच्याकडे करतात तसं."

तिनं पलंगाखाली वाकून पाहिलं, खूण केली. पडद्यामागे पाहिलं, चौकटीवर खूण केली. कपाटाची दोन्ही दारं उघडली, कोट बाजूला सारले, मागच्या फळीपर्यंत हात फिरवला. मग दार लावून बाहेरून खूण केली, लांब शेपटाची.

"आता ऐक. खूण झाली की तपासणी संपली. मग तो शर्ट कुणी पुन्हा उघडत नाही. मलाही हाका मारायच्या नाहीत."

"आणि चुकून खूण झाली तर?"

पोरगी वकील होणार, असं धाकटीच्या मनात आलं. "तर आतून फुली मारायची. फुली दिसली की माल परत."

तिनं खडूचा एक तुकडा ठकीला दिला. ठकीनं तो उशीखाली ठेवला आणि दहा मिनिटांत झोपली. भिंतीकडे तोंड, गुडघे पोटाशी, एका अंगठ्याला दुसऱ्या हाताची मूठ.

नव्याचे नऊ दिवस गेले, महिना गेला. रोज साडेआठला तपासणी व्हायची, जुनी खूण पुसून नवी व्हायची. ठकी आता धाकटीच्या खुणेचं शेपूट निघाल्याशिवाय उशीला डोकंही टेकेना. "खूण केलीस की मला काहीच वाटत नाही," ती म्हणायची. एवढा विश्वास धाकटीवर आयुष्यात कुणी टाकला नव्हता, नवऱ्यानंसुद्धा नाही. तो अजून तिनं मोजलेले कप पुन्हा मोजायचा.

मग तो गुरुवार आला. कारखान्यात दोन खेपांचा माल एकदम येऊन पडला होता. कॉलर बघून बघून धाकटीचे डोळे चुरचुरत होते. आणि नवऱ्यानं कधी नव्हे ती नवाच्या खेळाची तिकिटं काढली होती.

"अगं चल ना," तो दारातून म्हणाला. "सुरुवात चुकेल. एक दिवस ब्रह्मराक्षसाला सुट्टी दे."

तिनं पलंगाखाली पाहिलं. पडद्यामागे पाहिलं. कपाटाशी आली तेव्हा नवऱ्यानं जिन्यातून पुन्हा हाक मारली. थकलेला तपासनीस काय करतो, ते त्या टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. बोलत मात्र कुणी नाही. तिनं बंद दारावर खूण केली.

"काकू... उघडलं नाहीस."

"मघाशीच बघितलं गं. तू दूध पीत होतीस ना, तेव्हा."

ठकीनं तिच्याकडे पाहिलं. मग कपाटाकडे. "बरं," ती म्हणाली, आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

दिवा मालवताना धाकटीला वास आला. भिजून न वाळलेल्या लोकरीचा. कोटांना ऊन दाखवायला हवं, असा विचार करत ती जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकीला उठवायला कुणाला जावं लागलं नाही. ती पलंगावर उताणी पडली होती, हात दोन्ही बाजूंना सरळ, डोळे उघडे. उशीखाली खडू नव्हता. तिनं पालेभाजी खाल्ली. कुणी न सांगता ताट उचलून ठेवलं. केस विंचरायला तिला पुढ्यात घेतलं तेव्हा धाकटीचा हात थांबला.

मानेवर, केसांच्या मुळाशी, निळी खूण होती. लांब शेपटाची.

"हे कुणी केलं गं?"

"तपासलं," ठकी म्हणाली.

"कुणी?"

"खूण झाली की पुन्हा उघडत नाहीत. तूच म्हणालीस ना." मग थोडं थांबून, आठवून म्हटल्यासारखं, "...काकू."

धाकटीनं ओल्या फडक्यानं मान पुसली. साबण लावून पुसली. फडकं निळं झालं, खूण तशीच राहिली.

त्या दिवशी धाकटी कारखान्यात गेलीच नाही. दुपारी, जाऊबाई कामावर निघण्याआधी, तिनं त्यांना सगळं सांगून टाकलं. "ताई, काल मी कपाट उघडलंच नाही. न बघता खूण केली. ही... ही आपली ठकी नाही."

जाऊबाई हसत सुटल्या. "अगं, झोपते, खाते, ऐकते. पाच वर्षांत मला अशी मिळाली नव्हती! कसली चूक म्हणतेस? हीच चूक रोज कर." मग जरा गंभीर होऊन म्हणाल्या, "आणि हे असलं तिच्यासमोर बोलू नकोस. महत्प्रयासानं भीती गेलीय पोरीची."

नवरा म्हणाला, तुला विश्रांती हवी. सासूबाई मात्र त्या दिवसापासून ठकीला मांडीवर घेईनाशा झाल्या. विचारलं तर म्हणायच्या, गुडघे दुखतात.

संध्याकाळी धाकटीनं कपाट उघडलं. एकेक कोट बाहेर काढला. मागची फळी ठोकून पाहिली. विटांची भिंत, दुसरं काही नाही. दार लावणार तोच तिला दाराची आतली बाजू दिसली.

तिथे फुली होती. वेडीवाकडी, निळी, पाच वर्षांच्या मुलाचा हात वर पोचेल तेवढ्या उंचीवर.

ती फुलीवर तळवा ठेवून किती वेळ उभी होती कोण जाणे. "ठकी," ती कपाटात तोंड घालून म्हणाली. "बघितली गं फुली. बघितली. ये परत..."

"कुणाशी बोलतेस काकू?" मागून पलंगावरून आवाज आला. "आहे का कुणी?"

धाकटीनं वळून पाहिलं नाही. "नाही," ती म्हणाली.

आता ती रोज साडेआठला कपाट उघडते. आत रोज कोटांशिवाय काही नसतं, रोज एक नवी फुली असते. नवरा म्हणाला, पोरगीच खेळत असणार. तेव्हा तिनं ठकीची बोटं नखांपर्यंत तपासली. ती स्वच्छ होती, आणि गार. मग कपाटाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचून पाहिली. फुल्या थांबल्या नाहीत. खडू संपेल या धास्तीनं ती कारखान्यातून रोज एक नवा आणते आणि कोटांखाली ठेवते. सकाळी तो झिजलेला असतो. तेवढ्यावर तिचा दिवस निघतो.

फक्त एक गोष्ट तिनं कुणाला सांगितलेली नाही. पहिली फुली हात उंचावून काढलेली होती. त्यानंतरच्या खांद्याच्या उंचीवर आल्या, मग उकिडवं बसून काढल्यासारख्या. रोज थोड्या खाली. कालची तळफळीपासून चार बोटांवर होती, आणि तिची दुसरी रेघ अर्धीच ओढलेली होती.