पुलापाशी सुई चढते

दिवे जाऊन अर्धा तास झाला होता. गच्चीवर चटई टाकून मोठे मामा बसले होते आणि भाचरं त्यांना चिकटून बसली होती.

"मामा, भुताची सांगा. पण खरी हं! मागच्या वेळी शेवटी मांजर निघालं," थोरला भाचा म्हणाला.

"भूत होतं का काय होतं, ते तुमचं तुम्ही ठरवा," मामा म्हणाले. "मी आपला दवाखान्याचा रात्रीचा वॉचमन. तीस वर्षं फाटकात काढली. ही गोष्ट गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीची. तो माझ्या चांगल्या ओळखीचा. बरंचसं त्याच्या तोंडून ऐकलेलं आहे. शेवट मात्र मी पाहिलाय."

आणि मामा सांगू लागले.

नोव्हेंबरची सव्वीस तारीख होती, मंगळवार. दुपारी चारच्या सुमाराला बेकरीवाला आपली जुनी गाडी घेऊन मिस्त्रीच्या गॅरेजात आला.

"मिस्त्री, हिचं काहीतरी करा बुवा. गरम होते. एकाने रेडिएटर बदलला, दुसऱ्याने पाण्याचा पंप बदलला. तिसरा म्हणाला, गाडीच बदला."

"तिसरा हुशार," मिस्त्री म्हणाला.

बेकरीवाला हसला. मिस्त्री हसला नाही. तो गाडीकडे बघत राहिला होता. पांढरीची निळी केली होती, सीटना नवी कव्हरं घातली होती. पण कपडे बदलले म्हणून कोणी आपलं लेकरू ओळखायचं विसरतं का? ही गाडी त्याची स्वतःची होती. सहा वर्षांपूर्वी त्याने ती मिळेल त्या दलालाच्या गळ्यात मारली होती.

"तापते कधी?" त्याने विचारलं.

"तेच तर कळत नाही. चढावर नाही, उन्हात नाही. दवाखान्याच्या रस्त्याला तो छोटा पूल आहे ना, तिथे खड्ड्यात आदळली की तापमानाची सुई जाते थेट लाल रेघेवर. जरा थांबलो की उतरते."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला.

तो पूल त्याला माहीत होता. सहा वर्षांपूर्वी एका रात्री त्याची पाच वर्षांची मुलगी याच गाडीत मागच्या सीटवर तापाने फणफणून पडली होती. बायको पुढे बसून मागे हात टाकून तिच्या कपाळावर ओली पट्टी धरत होती. पुलापाशी सुई लाल रेघेवर गेली. मिस्त्रीने गाडी बाजूला घेतली.

"थांबू नका हो," बायको म्हणाली होती.

"इंजिन जाम झालं तर चालत जायचं का?" तो म्हणाला होता.

शहाण्या मिस्त्रीने जे करायचं तेच त्याने केलं. इंजिन बंद केलं, थंड व्हायला वेळ दिला. चाळीस मिनिटं. दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टरांनी मुलीला तपासलं आणि नुसतं एवढंच विचारलं, "अर्धा तास आधी का नाही आणलंत?"

त्यावर बायको तेव्हाही काही बोलली नाही आणि नंतरही नाही. सहा वर्षांत त्या चाळीस मिनिटांचं नावसुद्धा तिने काढलं नाही. मिस्त्री मनाला समजावत राहिला, इंजिन तापलं होतं, मी तरी काय करणार होतो...

त्याने बॉनेट उघडलं. इंजिन अर्धा तास चालू ठेवलं. वरचा पाइप हाताने दाबून पाहिला, खालचाही पाहिला. पाणी फिरत होतं. पंखा वेळेवर लागत होता. पाणी कमी झालेलं नव्हतं, त्यात बुडबुडे नव्हते, धूर पांढरा नव्हता. इंजिन ठणठणीत. गिऱ्हाइकांना तो नेहमी सांगायचा, सुई खोटं बोलते, हात खोटं बोलत नाही, आधी हात लावून बघा. म्हणून मग त्याने सुईकडे जाणारी वायर धरली आणि बोटांनी चाचपत मागे मागे गेला.

एका पाइपच्या पट्टीखाली ती वायर दबली होती. तिथे तिचं कातडं घासून गेलं होतं, आतली तार उघडी पडली होती. त्याने ती लोखंडाला टेकवली. सुई टुणकन लाल रेघेवर! सोडली. सुई खाली.

वायरीवर कित्येक वर्षांचं काळं चिकट साचलं होतं. आणि ती पट्टी त्याने स्वतः बसवलेली होती. मुलगी आजारी पडायच्या आठवडाभर आधी.

म्हणजे त्या रात्री इंजिन तापलंच नव्हतं. आणि साऱ्या जगाला हात लावून बघा म्हणणाऱ्याने त्या रात्री तेवढा एक हात लावला नव्हता.

बायको चहा घेऊन आली. गाडी पाहिली आणि जागच्या जागी उभी राहिली.

"वायर होती," तो म्हणाला. "नुसती वायर. इंजिन थंड होतं."

तिने कप स्टुलावर ठेवला आणि आत गेली. 

त्याने वायरीचा तो तुकडा कापून खिशात टाकला. नवी वायर उद्या आणायची होती, म्हणून गाडी रात्री गॅरेजातच राहिली. सुई तळाला मेल्यासारखी पडली. आता तिला हलवणारं काही उरलं नव्हतं.

रात्री नऊ चाळीसला बेकरीवाल्याचा फोन आला.

"मिस्त्री, बाळ डोळे फिरवतंय हो... एकशे चार ताप. अँब्युलन्सवाले पाऊण तास म्हणतात. गाडी चालेल का?"

मिस्त्री उठेपर्यंत बायकोने खिळ्यावरची किल्ली काढून त्याच्यापुढे धरली होती.

"या वेळी थांबू नका," ती म्हणाली.

मिस्त्रीने गाडी बेकरीवाल्याच्या दाराशी नेली. बेकरीवाला पुढे बसला. त्याची बायको बाळाला छातीशी धरून मागे. आठ महिन्यांचं बाळ. रडत नव्हतं, हीच तर धास्ती होती. ती सारखी त्याची पावलं चोळत होती आणि पुटपुटत होती, "सोन्या, बघ ना माझ्याकडे. ए सोन्या..."

रस्त्याला दिवा नव्हता. समोर पूल दिसला.

खड्डा आला. गाडी आदळली.

"मिस्त्री..." बेकरीवाला म्हणाला. "सुई."

मिस्त्रीने पाहिलं.

सुई हलली होती. वायरीचा तुकडा त्याच्या खिशात होता. तरी सुई वर येत होती. हळू. अगदी हळू. जसा ताप चढतो...

लाल रेघ.

"थांबवा! इंजिन जाम झालं तर चालत जायचं का?" बेकरीवाला ओरडला.

शब्दन् शब्द तोच. मिस्त्रीचा पाय ब्रेकवर गेला.

तेवढ्यात मागून बाई म्हणाली, "अहो, इकडे एवढं गरम काय लागतंय? बाळ तर माझ्या या हातात आहे... ही बाजू तर रिकामी..."

मिस्त्रीने एका हाताने स्टिअरिंग धरलं. डावा हात मागे टाकला. रिकाम्या सीटवर ठेवला.

भाजत होती.

उभ्या जन्मात त्या हाताने नाना तऱ्हेची उष्णता ओळखली होती. लोखंडाची, तेलाची, वाफेची. ही त्यातली नव्हती. मऊ होती. हाताखाली किंचित वर-खाली होत होती...

हे कपाळ त्याने ओळखलं.

त्याने पाय ब्रेकवरून काढला.

सुई लाल रेघेच्याही पुढे गेली. तो थांबला नाही. बेकरीवाला काहीबाही बोलत होता. त्याला ऐकू आलं नाही. हात त्याने मागेच ठेवला. पार फाटकापर्यंत.

"म्हणजे फाटक..." भाची कुजबुजली.

"मीच उघडलं," मामा म्हणाले. "दहा वाजून दोन मिनिटं. वहीत लिहिलंय मी."

"आणि बाळ?"

"ऐक."

पहाटे तीन वाजता सिस्टर बाहेर आली. "घाम फुटला बाळाला. ताप उतरतोय. आता घोर नाही." बेकरीवाला भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. मिस्त्री नुसता मान हलवत राहिला. मग त्याला म्हणाला, "बाळाचे कपडे गाडीत राहिलेत. आणतो."

मी टॉर्च घेऊन त्याच्याबरोबर गेलो. मिस्त्रीने आधी बॉनेटवर हात ठेवला. दंव पडून ते ओलं, गार झालं होतं. मग त्याने मागचं दार उघडलं आणि मी उजेड धरला.

बाईची बाजू कोरडी होती. दुसरी बाजू ओली. चिंब ओली.

"पाइप गळला का हो?" मी विचारलं.

मिस्त्रीने ओल्या कव्हरवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. इंजिनातलं कूलंट घातलेलं पाणी गोडसर लागतं; ते चाखून ओळखायची वाईट खोड जुन्या मिस्त्र्यांना असतेच.

त्याने पुन्हा बोट लावून चाखलं.

"काय आहे?"

"खारट," तो म्हणाला.

मी टॉर्च जवळ नेला. ओल सगळीकडे पसरलेली नव्हती. तिला आकार होता. वर वाटोळं डोकं. खाली खांदा. गुडघे पोटाशी घेतलेले... कुशीवर कोणी निजावं, तसा.

मिस्त्रीने ती पुसली नाही. दाराशी खाली बसला, सीटवर हात ठेवला आणि म्हणाला, "उतरला गं बाळा. उतरला ताप."

उजाडेपर्यंत तो तिथेच बसून होता.

गच्चीवर धाकटी भाची थोरल्याच्या मांडीवर सरकली.

"पुढे त्या गाडीची सुई कधी चढली नाही," मामा म्हणाले. "पण ओल वाळल्यावर कव्हरवर मिठाची पांढरी रेघ राहिली. बेकरीवालीने चार वेळा धुतलं, गेली नाही. शेवटी तिने कव्हर काढलं, घडी केली आणि मिस्त्रीच्या बायकोला नेऊन दिलं. अजून आहे तिच्याकडे. मला एकदा दाखवलं तिने. आकार जसाच्या तसा. एवढा."

मामांनी अंधारात दोन्ही हात पसरून माप दाखवलं. फार पसरावे लागले नाहीत.