होल्डवरचा डॉक्टर

बोर्डावर दोन तुटक घंट्या वाजल्या आणि तिनं कपाळाला हात लावला. वजनकाट्यांच्या त्या कारखान्यात आलेले फोन जोडून देणं हे तिचं काम. आत कुणी फोन होल्डवर ठेवून विसरलं, की दोन मिनिटांनी तो फिरून तिच्याकडेच यायचा... अशाच तुटक घंट्या वाजवत.

"माफ करा हं. स्टोअरकाका बघायला गेले वाटतं—"

"गेले ते गेलेच!" पलीकडचा आवाज हसरा होता. "मी जनावरांचा डॉक्टर. मांजरांसाठी लहान काटा मागवलाय. एक मांजर तर आत्ता हातातच आहे, आणि ती माझ्यापेक्षा जास्त चिडलीय."

मागून गुरगुर ऐकू आली. तिला हसू आवरेना.

काट्याचा एक भाग यायचा होता. डॉक्टर दर दोन दिवसांनी चौकशी करायचा, स्टोअरकाका "एक मिनिट हं" म्हणून रॅकांमागे गडप व्हायचे, आणि फोन परत तिच्याकडे.

"आज कोण आहे हातात?"

"ससा. तो काही बोलत नाही. तुम्ही बोला."

"मला कामं आहेत."

"मलाही आहेत. सशाची नखं कापायचीयत. पण नखं कुठं पळून चाललीयत?"

अख्खा कारखाना तिला 'ताई' म्हणायचा. हा एकदाही म्हणाला नव्हता. हे लक्षात आलं त्या दिवशी तिच्या कानाच्या पाळ्या उगाचच गरम झाल्या.

मग एका सोमवारी स्टोअरकाका विसरलेच नाहीत. "काटा तयार! आजच पाठवतो!" त्यांचा आवाज पार तिच्या टेबलापर्यंत आला. बोर्डावरचा दिवा विझला. दोन मिनिटं गेली, पाच गेली... घंटा नाही.

चांगलंच झालं की, ती स्वतःला म्हणाली. गिऱ्हाइकाचं काम झालं. पण समोरचा चहा गार होऊन साय धरून बसला. तीन वाजता तिनं धीर करून नंबर फिरवला.

"काटा... वजन बरोबर दाखवतोय ना?"

"अहो, तो अजून पोचलाच नाही."

तिनं जीभ चावली.

"मग फोन कशासाठी केलात?" त्यानं हळूच विचारलं.

"चुकून लागला."

"आठ आकडे चुकून?"

"...खरं सांगू? तुमचं काम झालं, ते मला नाही आवडलं."

मग तो म्हणाला, "आता माझं ऐका. काकांनी त्यांचा थेट नंबर पहिल्याच आठवड्यात दिला होता. पण त्यावर होल्डवर विसरलेला फोन तुमच्याकडे न येता आपोआप कट होतो म्हणे... मी तो कधी फिरवलाच नाही." एक खोल श्वास. "किती वाजता सुटता?"

"साडेपाचला," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.

साडेपाचला गेटबाहेर तिघंजण उभे होते. एक उंच, एक चष्मेवाला, आणि एक बुटकासा, शर्टभर पांढरे केस चिकटलेला. तिनं कुणाकडेच नीट पाहिलं नाही. पाऊल अडखळलं...

"थकलात?"

बुटक्यानं विचारलं होतं. तोच आवाज! दिवसाला दोनशे फोन घेणाऱ्या बाईला एक शब्द सुचेना. तिनं नुसती मान हलवली... आधी नाही, मग हो, मग परत नाही. तो इतका मोकळेपणी हसला, की तिलाही हसू फुटलं, आणि दोघं रस्त्याला लागली.