कड्यातला अंगठा

वहिनीला एक अंगठा हवा होता. तोही साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा!

संग्रहालयाच्या तळघरात आमची हाडं साफ करायची खोली आहे. वाळूच्या पिशव्या, दात घासायचे जुने ब्रश आणि सगळ्यावर पांढऱ्या धुळीचा थर. तिथे मी दगडातून हाडं सोडवतो आणि माझी वहिनी त्या हाडांना बोलतं करते. त्या सकाळी तिने माझ्यापुढे एक दाढ ठेवली. दूरच्या एका दरीत, कोळशाच्या थरातून निसटून ती नदीकाठी पडलेली सापडली होती.

"पांडाच्या पूर्वजाची आहे," ती म्हणाली. "हा चिवट पाला चावायचा, एवढं दाढेवरून कळतं. पण बांबू हातात धरायचा का, ते दाढ कुठून सांगणार? मला त्याचं मनगट हवंय, भाऊजी."

पांडाला पाच बोटं असतातच. शिवाय मनगटातलं एक हाड वाढून अंगठ्यासारखं पुढे आलेलं असतं. त्याच्या आधाराने तो बांबू पकडतो. अस्वलाच्या कुळात जन्मून बांबूवर पोट भरायचं म्हणजे काय खायचं काम आहे? ही सोय त्याला फार पूर्वीच झाली होती, असं वहिनी वर्षानुवर्षं सांगत होती. ऐकणारे मान डोलवायचे आणि पुरावा मागायचे. पुरावा त्या दरीतल्या नदीकाठच्या कड्यात होता, आणि कडा दर पुरात ढासळत होता. आता नाही तर कधीच नाही, अशी गत होती.

आमच्यात तिसरा पैलवान, तोही नावाचाच. हा इतका काटकुळा की त्याची सावली त्याच्याहून जाड वाटावी. पोटासाठी तो उंच इमारतींना लटकून काचा पुसायचा, आणि दोराच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

आम्ही तिघं त्या दरीत गेलो, आणि नदीने पहिल्याच वळणावर आमची परीक्षा घेतली. रबरी होडी खडकावर आपटली, गर्रकन फिरली, उलटली! आम्ही नाकातोंडात पाणी जाऊन काठाला लागलो, पण दोन दोरांपैकी एक वाहून गेला. पुढे बांबूचं रान इतकं दाट होतं की वाट काढताना हातांची सालटी निघाली. मी कुरकुर सुरू केली.

"घरी तर जिना चढतानाही तुम्हाला धाप लागते," वहिनी मागे न बघता म्हणाली. "इथे निदान कारण तरी आहे."

शेवटी आम्ही कड्याच्या माथ्यावर पोचलो. खाली नदी, आणि नदीच्या जरा वर एक अरुंद कपार. तिच्या पाठीला कोळशाचा काळा पट्टा होता. पैलवानाने आम्हा दोघांना खाली उतरवलं. वहिनी गुडघ्यांवर बसून ब्रशने माती झाडू लागली, आणि थोड्या वेळाने तिचा हात थबकला. मातीतून दातांची रांग आमच्याकडे बघत होती. अख्खी कवटी!

मी तर वेडाच व्हायचा बाकी होतो. अशी कवटी जन्मात एकदा मिळते. आम्ही ती ओल्या कागदात आणि प्लॅस्टरच्या पट्ट्यांत गुंडाळली. तो गठ्ठा एकट्या पैलवानाला ओढवला नसता, म्हणून हत्यारांची पिशवी घेऊन आधी मी वर गेलो. मग वहिनीने गठ्ठा दोराला बांधला आणि पुन्हा मातीत डोकं घातलं. तिला मनगटच हवं होतं.

गठ्ठा अर्ध्या वाटेवर आला असेल. पैलवान एकदम म्हणाला, "पाणी बघा."

नदी गढूळ झाली होती. पाठोपाठ फांद्या आल्या, मग मुळांसकट झाडं. वरच्या डोंगरात कुठेतरी पाऊस कोसळला होता. पाणी चढत होतं. भराभर चढत होतं! आणि आमच्याकडे दोर एकच.

"वहिनी! ओढू की खाली सोडू?" मी ओरडलो.

ती काहीच बोलली नाही. भीतीने तिची वाचा बसली, असं मला वाटलं. तिने वर पाहिलं आणि हाताने ठाम खूण केली. खाली.

आम्ही दोर सोडला. तिने स्वतःच्या हातांनी कवटीच्या गाठी सोडवल्या, प्लॅस्टरवर एकदा हात ठेवला आणि दोर कमरेला बांधला. आम्ही ओढू लागलो. ती दोन्ही हातांनी खाचा धरत चढत होती. मध्येच एक दगड निखळला. ती लोंबकळली. कड्यावर आपटली! पैलवानाने पाय रोवले, मी दातओठ खाऊन ओढत राहिलो. तेवढ्यात पाणी कपारीवर आलं आणि कवटी डोळ्यांदेखत गेली.

वहिनी माथ्यावर आली तेव्हा तिच्या अंगरख्याचे दोन्ही खिसे घासून फाटले होते.

"बाई, बोला ना काहीतरी," पैलवान काकुळतीला आला.

तिने तोंड उघडलं, आणि गालात धरलेलं एक काळपट हाड तळहातावर काढलं. बोटाच्या पेराएवढं.

"हात दोन्ही लागणार होते," ती धापा टाकत म्हणाली. "खिशांचा भरवसा नव्हता. आणि बोलले असते तर गिळलं असतं."

मी पिशवीतून आजच्या पांडाच्या त्याच हाडाची प्लॅस्टरची प्रतिकृती काढली आणि तिच्या हातातलं हाड घेऊन दोन्ही खडकावर शेजारी ठेवली. जुनं हाड लांब होतं, सरळ होतं. आजचं आखूड, टोकाशी आत वळलेलं. पण हाड तेच. म्हणजे तेव्हाही तो बांबू धरत होता. वहिनीचं खरं होतं, आणि आता ते कोणाला नाकारता येणार नव्हतं.

"इतक्या वर्षांत वाढायचं सोडून आखूड झालं?" पैलवानाला पटेना.

"नुसतं बसून खायचं असतं तर वाढलं असतं," वहिनी म्हणाली. "पण त्याच हातावर एवढं धूड तोलून चालायचंही असतं ना त्याला. दोन्ही भागलं पाहिजे. म्हणून आखूड झालं, आणि पकड सुटू नये म्हणून वळलं."

मला त्या जनावराचं नवल वाटलं, आणि त्याहून जास्त हिचं. मग तिने खाली नदीकडे पाहिलं, आणि इतका वेळ धरलेलं रडू तिला आवरेना. त्या कवटीसाठी ती लहान मुलीसारखी रडली. आम्ही रडू दिलं. डोळे पुसून तिने हाड उचलायला हात पुढे केला, पण खडकाने सोललेली बोटं काही केल्या मिटेनात.

"तुम्हीच धरा, भाऊजी," ती म्हणाली. "घट्ट धरा."

मी धरून बसलो.