ढब्बूची परीक्षा

"पाणी कशापासून बनतं?" केळवकर मॅडमनी विचारलं.

"नळापासून," यंत्र म्हणालं.

विद्यापीठाच्या बोधयंत्र प्रयोगशाळेत ही चाचणी चालली होती. डॉ. सुलभा केळवकर म्हणजे कोल्हापुरातल्या प्रगत विज्ञान प्रशालेच्या परीक्षाप्रमुख. त्यांचं उभं आयुष्य रसायनशास्त्रात गेलेलं. त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावरच्या त्या हिरव्या, पोट सुटलेल्या डब्याकडे पाहिलं.

"डॉ. मगदूम, हे दाखवायला मला बोलावलंत?"

"हेच तर दाखवायचं होतं," श्रेणिक मगदूम खुशीत म्हणाला. "याला रसायनातलं ओ की ठो कळत नाही."

कोपऱ्यातल्या स्टुलावर त्याची भाची जुई चौगुले नखं खात बसली होती. वय सोळा. सहामाहीला प्रगत रसायनात शंभरापैकी एकतीस. वार्षिक परीक्षेत पन्नास मिळाले नाहीत, तर अभ्यासक्रमातून नाव कमी होणार होतं. एकदा कमी झालं की रसायनाचं दार कायमचं बंद, असा प्रशालेचा नियम होता. आणि जुईला दुसरं काही करायचंच नव्हतं. तिच्या वडिलांचं शिरोळला गुऱ्हाळ. उकळत्या रसात चिमूटभर चुना पडला की काळी मळी वर येते, हे तिनं लहानपणी पाहिलं होतं, आणि तेव्हापासून "असं का होतं?" हा किडा तिच्या डोक्यातून निघाला नव्हता.

तिला शिकवायला कुणी नव्हतं असंही नाही. आता घरोघरी शिकवणारा यांत्रिक घरगुरू आहे. एकच गोष्ट दहा तऱ्हांनी समजावतो, थकत नाही, ओरडत नाही. जुई मान डोलवायची, सगळं पटायचं, आणि पेपर हातात आला की पाटी कोरी. पालथ्या घड्यावर पाणी!

"ऐकताना कळल्यासारखं वाटतं, मॅडम," श्रेणिक म्हणाला. "पण दुसऱ्याला सांगता आलं तरच ते आपलं. म्हणून मी गुरू बनवलाच नाही. हे शिष्ययंत्र आहे. याला मराठी येतं, तर्क करता येतो, बाकी शून्य. आणि हट्टी असं, की कारण पटल्याशिवाय एक अक्षर मान्य करत नाही."

"मग ही पोरगी घरगुरूलाच याच्यापुढे बसवेल की."

"चालणार नाही. आत स्वरकुलूप आहे. प्रश्न कुणीही विचारा, उत्तर देईल. शिकेल मात्र फक्त जुईच्या तोंडून. तिनं नुसतं पुस्तक वाचून दाखवलं, तर 'म्हणजे काय?' विचारून जीव खाईल."

"आणि मामानं गुपचूप आत काही भरलं तर?"

"भरायला दारच ठेवलेलं नाही."

"बघू," मॅडम म्हणाल्या. भाचरांसाठी मामा लोक काय काय करतात, हे त्यांनी बरंच पाहिलं होतं.

जुईनं डब्याचं नाव ढब्बू ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या डोक्याला ताप सुरू झाला.

"समतोल म्हणजे अभिक्रिया थांबली?" ढब्बू विचारायचा.

"थांबत नाही रे. पुढं जेवढी चालते, तेवढीच मागं चालते."

"दिसत का नाही मग?"

घरगुरूनं हे सांगितलं तेव्हा तिनं मान डोलवली होती. आता तिला उत्तर सापडेना. ती चिडली, डबा पालथा घालून ठेवला, तासाभरानं पुन्हा सरळ केला.

"हे बघ. रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलात जितके लोक खाऊन उठतात, तितकेच बाहेरचे आत येऊन बसतात. बघणाऱ्याला हॉटेल तसंच भरलेलं दिसतं. पण माणसं सारखी बदलतायत."

"आणि बाहेर एकदम वऱ्हाडाची बस आली तर?"

"तर आत शिरणाऱ्यांचा जोर वाढेल. मग हळूहळू उठणारेही वाढतील, आणि नवा समतोल..." बोलता बोलता जुई थांबली. "अगं बाई! हे मला येतंय की!"

असं वार्षिक परीक्षेपर्यंत रोज चाललं. ढब्बूनं आम्लं मागितली, अल्कली मागितले, कार्बनच्या साखळ्या मागितल्या आणि प्रत्येकापाशी "का?" विचारून तिला रडकुंडीला आणलं. घरात सगळ्यांनी हात टेकले. आई म्हणायची, "त्या डब्याला जरा दम दे गं." पण उन्हाळा लागेपर्यंत जुई त्या विषयात घरच्यासारखी वावरू लागली होती.

आणि तरी वार्षिक परीक्षेत घात झाला. पेपर समोर आला, वर्गात घड्याळाची टिकटिक ऐकू आली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. अर्धा पेपर कोरा राहिला.

"परीक्षाप्रमुखांना तोंडी परीक्षा घेऊन निकाल बदलता येतो," मॅडम त्यांच्या खोलीत म्हणाल्या. त्या कडक होत्या, दुष्ट नव्हत्या. "बस. मोल म्हणजे काय?"

जुईनं तोंड उघडलं. दातखीळ बसली. डोळ्यांत पाणी आलं, शब्द काही आला नाही. मॅडम थांबल्या, मग त्यांनी नाइलाजानं पेन उचललं.

"ढब्बूला विचारा," जुई कशीबशी म्हणाली. "त्याला माझ्याशिवाय कुणी काही शिकवलेलं नाही. शितावरून भाताची परीक्षा करतात, तर शिष्यावरून गुरूची का नाही?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

नवा पेपर काढला. श्रेणिकला ढब्बूसकट बोलावून घेतलं, पण गप्प राहायच्या अटीवर. ढब्बूनं मोल सांगितला, समतोल मिसळीसकट सांगितला, साखळ्या जोडल्या आणि तोडल्या. शंभरापैकी एक्क्याण्णव! जुईचा चेहरा उजळला, मॅडमचा मात्र काळवंडला.

"इतकं? डॉ. मगदूम, हे तुमचं काम. सोळा वर्षांच्या मुलीचं नव्हे."

"मॅडम, चुकलेलं उत्तर कुठलं?" श्रेणिकनं शांतपणे विचारलं.

"घरातले अल्कधर्मी पदार्थ. यानं सांगितलं, चुना, धुण्याचा सोडा आणि..." मॅडम अडखळल्या. "भेंडीचं पाणी?"

जुई लाजेनं लाल झाली. "आमच्या गुऱ्हाळात घालतात ना. चुन्यानं मळी वर येते, भेंडीच्या पाण्यानंही येते. मला वाटलं, दोन्ही एकच."

"असं जगातल्या कुठल्या पुस्तकात सापडेल?" श्रेणिक म्हणाला. "मी भरलं असतं, तर हे भरलं असतं?"

मॅडम तरीही सहजी मानणाऱ्या नव्हत्या. त्या डब्याकडे वळल्या. "ढब्बू, भेंडीचं पाणी अल्कधर्मी नाही. लक्षात ठेव."

"आहे," ढब्बू म्हणाला.

"मी केळवकर सांगते आहे!"

"सांगा. पण आहे."

श्रेणिकनं सांगून पाहिलं, डब्यावर थाप मारून पाहिलं. ढब्बू ढिम्म. मॅडमना हसू आलं. हा डबा त्याच्या बापाचंही ऐकत नव्हता.

"जुई, तूच कर दुरुस्त."

प्रशालेच्या स्वयंपाकघरातून भेंडी, हळद आणि चुना आला. जुईनं भेंडी कापून पाण्यात चोळली, दोन वाट्यांत हळदीचं पाणी घेतलं. एकीत चुन्याची निवळी घातली, तशी हळद कुंकवासारखी लाल झाली. दुसरीत भेंडीचं बुळबुळीत पाणी घातलं. हळद पिवळी ती पिवळीच.

"ढब्बू, मी चुकले. भेंडी अल्कधर्मी नाही."

"का? हळदीला काय कळतं?"

"अल्कली हळदीच्या रेणूतला एक हायड्रोजन आयन ओढून घेतो. मग त्यातल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, आणि रंगही."

"मग भेंडीनं मळी वर का येते?"

"भेंडीच्या पाण्यात बुळबुळीत लांबलचक साखळ्या असतात. त्यात मळीचे कण अडकतात आणि फेसाबरोबर वर येतात. चुना रसातलं आम्ल मारतो, मग मळीच्या गुठळ्या होऊन वर येतात. काम सारखं दिसलं म्हणून मी कारण सारखं धरलं. तिथं माझं चुकलं."

ढब्बू विचारत गेला, जुई सांगत गेली. हात हळदीनं पिवळे, केस कपाळावर, आवाज खणखणीत. आम्लावरून आयनांवर, आयनांवरून समतोलावर. तिला समोर कोण बसलंय याचा पत्ताच नव्हता.

"पुरे," मॅडम म्हणाल्या.

जुई दचकली. तिनं पिवळे हात पाठीमागं लपवले.

"तोंडी परीक्षा मघाशीच सुरू झाली होती. आत्ता संपली." मॅडमनी पेन उचललं. "ढब्बूला एक्क्याण्णव. तुला ब्याण्णव. पुढच्या वर्षी पहिल्या बाकावर बसायचं."

जुईनं मामाला मिठीच मारली. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचे दोन पंजे उमटले आणि दोघंही मोठमोठ्यानं हसत सुटले.

"तिला एक जास्त का?" ढब्बूनं विचारलं.

"कारण स्वतःची चूक तिला..." मॅडम सांगायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. "जुई, तूच सांग गं बाई याला. माझं कुठं ऐकतोय!"