गेलेल्या माणसाची हजेरी

जीवराम नानांचं तेरावं होऊन वीस दिवस झाले होते. तरी शुक्रवारी सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी नाना कॉलेजात हजर होते.

प्राचार्यांनी हजेरीचा कागद सुलक्षणापुढे आपटला. "गेलेला शिपाई हजर! आजच नाही, रोज!"

सुलक्षणा पारोळ्याची. धुळ्यात खोली घेऊन एकटी राहायची. कॉलेजचं वायफाय तिच्या हाती, आणि फोन वायफायला जोडला की इथं हजेरी लागायची.

"सर्व्हरची किल्ली फक्त तुमच्याकडे. पाचपर्यंत हे करणारा माणूस दाखवा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

हे सांगायला धुळ्यात तिला कुणी नव्हतं. ती मेसच्या कोपऱ्यात जाऊन बसली. मेस रत्नाअक्कांची. अक्का शिकल्या चौथीपर्यंत, पण त्यांच्यापुढे प्राध्यापकही ताट पुसून ठेवायचे.

"रडायला इथंच आलीस? वरण आधीच पातळ आहे. काय झालं ते सांग."

सुलक्षणानं सांगितलं.

"तुझा तो सर्व्हर करतो काय?"

"दारावरचा राखणदार समजा, अक्का. कुणी नाव-पासवर्ड दिला की तो डिरेक्टरीला विचारतो. म्हणजे कॉलेजच्या माणसांच्या यादीला. ती हो म्हणाली की आत."

"यादीत नाना आहेत?"

"दहाव्यालाच मी नाव काढलं. आत्ताही बघितलं. नाही."

"मग राखणदार खोटारडा."

"तसं नाही हो. तो कंटेनरमध्ये चालतो. ठरलेलं सामान भरलेला बंद डबा. बिघडला की फेकायचा, त्याच सामानातून दुसरा उभा करायचा. आज तीनदा केला. तरी नानांना आत घेतोच."

"त्याच सामानातून?" अक्कांचा झारा थांबला. "हे यंत्र बसवलं तेव्हा नारळ कुणी फोडला?"

"नानांनी. सगळ्यांत वडीलधारे म्हणून. पहिलं नावही त्यांचंच लावलं. यादी तर दुसऱ्या दिवशी जोडली."

"हं. आत येऊन चोरानं बघितलं काय?"

"काहीच नाही. दोन मिनिटं, की बंद. रविवारी येत नाही. गेल्या आठवड्यात मंगळ, बुध, गुरुवारीही नव्हता. जोडतो क्वार्टरजवळच्या वायफायवरून."

क्वार्टरमध्ये तीन बिऱ्हाडं. सुपडू वॉचमन, घंटा वाजवणारा कुंदन, आणि नानांची बायको मोगराबाई. अक्का पदर खोचून निघाल्या. सुलक्षणा मागं.

"सुपडू, फोन दाखव."

त्यानं बटणाचा फोन काढला. काच फुटलेली.

"यावर वायफाय?"

"याच्यावर बोलणं ऐकू आलं तरी खूप, अक्का."

"मोगराबाई आहे का घरात?"

"गेल्या आठवड्यात सोमवारी संध्याकाळी दोंडाईच्याला गेल्या, माहेरी. शुक्रवारी सकाळी आल्या. दार लोटून बसतात. बोलत नाहीत कुणाशी."

कुंदन अंगणात दात कोरत होता.

"दहाला कुठं असतोस रे?"

"घंटेवर. मी नसलो तर कॉलेज भरेल का?"

"हो, सूर्यही तुलाच विचारून उगवतो."

तिसऱ्या दारापुढं अक्का थांबल्या. उंबऱ्याबाहेर चपलांचा एकच जोड. त्यांनी काही विचारलं नाही. कडी वाजवली आणि म्हणाल्या, "मोगरा, चल माझ्यासंगे. फोन घे."

साडेचारला अक्का मोगराबाई आणि सुलक्षणाला घेऊन प्राचार्यांच्या खोलीत उभ्या होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"साहेब, चोर आत आला असता तर काहीतरी घेऊन गेला असता. हा नुसता तोंड दाखवून जातो. याला हजेरीच हवी. सुपडूकडं तसला फोन नाही. कुंदन दहाला सगळ्यांसमोर घंटेवर. आणि ज्या तीन दिवशी हजेरी नाही, त्याच दिवशी ही दोंडाईच्याला."

मोगराबाईनं मान वर केली नाही.

"पण यादीत नाव नसताना आत कसं घेतलं?" प्राचार्यांनी विचारलं.

"मुहूर्ताला नानांचं नाव लावलं तेव्हा यादी नव्हतीच. मग ते लिहिलं कुठं? डब्याच्या सामानात. पोरीनं यादीतून काढलं, सामानात राहिलं. डबा कितीदा नवा केला तरी नाना आतच."

सुलक्षणाचा चेहरा उतरला. "चूक माझी, सर. सर्व्हर आधी डब्यातल्या स्वतःच्या फाइलीत बघतो, मग यादीला विचारतो. मी विसरले."

"आणि पासवर्ड?"

"नानांच्या फोनला पाठ आहे, सर. चालू केला की तोच सांगतो."

"मोगराबाई, का केलंत हे?"

"चोरी नही करी मी." आवाज खोल गेलेला. "एकतीस वरीसमा त्यास्नी एक बी खाडा करा नही. दहाला फोन चालू करस, मंग बंद करी देस. बस."

प्राचार्यांनी हजेरीचा कागद घडी करून ठेवला. मग म्हणाले, "सुलक्षणा, उद्या या. पण ते नाव आत्ता काढा. माझ्यासमोर."

तिनं लॅपटॉप उघडला. फाइलीतली ती एक ओळ पुसली, कंटेनर नव्यानं उभा केला. चहा गार व्हायलाही याहून जास्त वेळ लागला असता.

"काकू, एकदा फोन चालू करून बघता?"

मोगराबाईनं केला. पडद्यावर चाक फिरलं, थांबलं. अक्षरं आली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं फोन सुलक्षणापुढं धरला. सुलक्षणानं वाचलं. तिनं अक्कांकडं बघितलं. ज्या कधी कुणापुढं नमल्या नव्हत्या, त्या अक्कांनी मान खाली घातली.

"काय म्हनस तो?" मोगराबाईनं विचारलं.

"आत घेत नाही म्हणतो, काकू."

मोगराबाईनं फोन बंद केला, पदरात गुंडाळला आणि दाराकडं वळली.

"तेरावं व्हईसन वीस दिन झायात," ती म्हणाली, "आज कळनं त्याले."