दावणीचा घोडा

“माझा एक मुलगा गिळलास, दुलमा… आता निदान दुसऱ्याच्या वाटेत तरी आडवी येऊ नकोस!”

सासूबाईंचे ते शब्द चुलीवरच्या वाफेतून अंगावर आले आणि दुलमाच्या हातातली चहाची पळी क्षणभर जागच्या जागी थबकली. ती असे बोलली तरी काय होती? ‘आज घोड्यांच्या मागे जायला नको, नामजिल,’ एवढेच! पण या घरात काही शब्द असे होते की ते दुलमाच्या तोंडून निघाले की त्यांचे निखारे होत, आणि ‘घोडे’ हा त्यातला पहिला शब्द.

सकाळीच सूर्याला कान फुटले होते. दोन अंगांना दोन फिकट, खोटे सूर्य घेऊन तो टेकडीवर आला तेव्हा घरातल्या तिघांनीही ते पाहिले होते, आणि तिघांनीही एकमेकांकडे पाहायचे टाळले होते. मग रेडिओने घसा खरवडत सांगितले की उत्तरेकडून हिमवादळ येत आहे, अलीकडच्या वर्षांतले सगळ्यात मोठे. दिवस मावळायच्या आत पोचेल, जनावरे आडोशाला घ्या, माणसांनी वस्ती सोडून जाऊ नये. रेडिओला काय, सांगायला काय जाते! मेंढ्या जवळच चरत होत्या, गाई दारात होत्या. पण घोडे उत्तरेच्या टेकड्यांपलीकडे मोकळे होते. आणि त्या गवताळ मुलखात घोडे म्हणजे घराची अब्रू! सासऱ्यांनी राखलेला तो कळप, तो आयाळवाला तांबडा वळू-घोडा, ज्याची शिंगरे पंचक्रोशीतले लोक मागायला येत…

“आई, वहिनीला कशाला बोलतेस?” नामजिल चहाचा वाडगा खाली ठेवत म्हणाला. “आधी मेंढवाड्याचं काम उरकतो. मग निघतो. वाऱ्याच्या आधी परत येईन.”

“तुझा बाप असता तर एव्हाना खोगीर घालून झालं असतं,” सासूबाई म्हणाल्या.

तेच वाक्य! शब्दाला शब्द तेच… फक्त त्या वेळी ते थोरल्या मुलाला ऐकवले होते.

दुलमा बाहेर पडली. हवा चमत्कारिक शांत होती. धूर सरळ वर चढत होता, कावळे जमिनीलगत उडत होते, आणि मेंढ्या कोकरांसारख्या उगाच उड्या मारत होत्या. म्हाताऱ्या मेंढीने उडी मारली की वादळ उंबऱ्याशी आले समजावे. दुलमाने पदर खोचावा तसा डगल्याचा पट्टा आवळला आणि कामाला लागली. रडायला उभा हिवाळा पडला होता!

तिने आधी मेंढ्या वळवून वाड्यात घेतल्या. गोठलेल्या शेणाच्या लाद्या कुदळीने फोडून तिने आणि नामजिलने उत्तरेच्या भिंतीवर रचल्या, फटी ओल्या शेणाने लिंपल्या. ते लिंपण हाताखालीच दगड होत होते. गाईंच्या पाठीवर जुन्या नमद्याच्या, जाड दाबलेल्या लोकरीच्या, झुली बांधल्या. घरात शेणींचा ढीग लावला, पाण्यासाठी बर्फाच्या चिपा पोत्यात भरल्या, गाभण आणि अशक्त मेंढ्या चुलीपाशी आणून बांधल्या. घर म्हणजे नमद्याचा गोल तंबूच, त्याच्याभोवतीचे दोर पुन्हा आवळले. दारापासून मेंढवाड्यापर्यंत एक लांब दोर ताणला, कारण तसल्या वादळात माणूस स्वतःच्या दारात हरवतो.

“वहिनी, तू बघत राहा,” नामजिल लाद्या रचताना हसून म्हणाला, “वसंतात धाकटी जाऊ येईल तुझ्या हाताखाली, मग तू नुसती बसून हुकूम सोड.”

“आधी नवरदेव जागेवर असू दे, मग जावेचं बघू.”

“तू पण ना! आईनं एक टोक धरायचं, तू दुसरं. मधे मी मेलो!”

“मरणाचं नाव नको काढूस,” ती इतक्या तीव्रपणे म्हणाली की त्याचे हसू ओठांवरच विरले.

या पोराला तिने कडेवर घेतले नव्हते एवढेच. बाकी सगळे केले होते. ती लग्न होऊन आली तेव्हा तो घोड्यावर चढायला मोठ्या भावाचा गुडघा मागायचा. नवरा गालसन गेल्यावर तिचा सख्खा भाऊ तिला न्यायला आला होता. ‘तरणीताठी आहेस, दुसरा संसार होईल,’ म्हणाला. तिने दाराकडे पाहिले. तिथे एक म्हातारी मुलाच्या रिकाम्या खोगिरावर डोके ठेवून बसली होती आणि एक पोरगा चुलीत शेणी घालता घालता चोरून डोळे पुसत होता… भाऊ एकटाच परत गेला.

गालसन! वादळात घोडे वाऱ्याला पाठ देतात आणि तो नेईल तिकडे चालत सुटतात. त्यांना वळवायला गेलेला माणूस त्यांच्याबरोबरच वाहत जातो. गालसनही गेला. वादळ ओसरल्यावर तो एका उंचवट्याच्या आडोशाला सापडला, लगाम हाताला गुंडाळलेला, झोपल्यासारखा. मयताला आलेल्या बायकांनी विचारले, ‘असल्या हवेत जाऊ कसं दिलंत?’ तेव्हा सासूबाईंनी बोट सुनेकडे केले होते… ‘हिनं धाडलं. घोड्यांचा हव्यास हिला. पांढऱ्या पायाची मेली!’ दुलमाने मान खाली घातली. तोंडातून ब्र काढला नाही. त्या दिवशी सुनेने उत्तर द्यायचे नसते म्हणून. आणि पुढे, सासूबाई झोपेत कुणाची तरी क्षमा मागतात हे तिने ऐकले म्हणून. खरे काय ते त्या म्हातारीला ठाऊक होते. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकले असते तर ती जगली नसती!

पण आज? आज पुन्हा तेच वाक्य, तोच कानांचा सूर्य… आणि दुसरा मुलगा!

नामजिलने दावणीच्या पिवळ्या घोड्यावर खोगीर चढवले. सगळा कळप मोकळा असला तरी एक घोडा दारी बांधलेला असतोच. तो घराचा पाय. “जाड डगला घालून येतो,” म्हणत तो आत गेला.

दुलमाने उत्तरेकडे पाहिले. टेकड्यांच्या वर आभाळाला खालून एक राखाडी कड आली होती. कुणी सहज पाहिले असते तर ढग म्हटले असते, पण ती कड जमिनीला टेकलेली होती.

तिने एकदाच डोळे मिटले. समजूत घालायची वेळ निघून गेली होती. त्या वेळीही तिने समजूतच घातली होती, पाया पडली होती, रडली होती… काय उपयोग झाला? तिने खोगिराचा पट्टा सोडला, खोगीर उतरवले, लगाम काढला. पिवळ्या घोड्याने आश्चर्याने तिच्या खांद्याला नाक लावले. “जा बाबा,” ती म्हणाली, “तुझ्यात आणि त्याच्यात मला निवडायला लावलंय यांनी. माफ कर मला.” आणि तिने त्याच्या पुठ्ठ्यावर सारी ताकद लावून थाप मारली.

टापांचा आवाज ऐकून नामजिल धावत बाहेर आला.

“घोडा? वहिनी, घोडा कुठंय?”

“सोडला.”

“सोडला? म्हणजे सुटला?”

“सुटला नाही. मी सोडला.”

मागोमाग काठी टेकत सासूबाई दारात आल्या, रिकामी दावण पाहिली, जमिनीवरचे खोगीर पाहिले, आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला जसा मयताच्या घरातून निघतो.

“अगं वैरिणी! दावणीचा घोडा सोडलास? घोड्यावाचून माणूस म्हणजे पंखावाचून पाखरू! पंख छाटलेस आमचे!”

“पंख छाटले, आई… पाखरू तर राहिलं ना!”

सासूबाईंची काठी वर गेली. दुलमा हलली नाही.

“मारा. हवं तेवढं मारा. पण नामजिल जाणार नाही. कळप गेला तर गेला. हातचं सोडून पळत्याच्या मागं एकदा लागलं हे घर, तेवढं पुरे झालं!”

“मी पायी जाईन!” नामजिल ओरडला. संतापाने, लाजेने त्याचा चेहरा वेडावाकडा झाला होता. “उद्या लोक काय म्हणतील? बापाचा कळप वाऱ्यावर सोडून पोरगा चुलीपाशी बसला? मला पोरगी देईल का कुणी?”

“जा पायी. मी मागून येते. दोघांना शोधायला मग आईला पाठवू.”

“एवढी अक्कल आहे ना तुला?” तो एकदम तिच्या अंगावर आल्यासारखा म्हणाला. “मग दादाला धाडलंस तेव्हा कुठं गेली होती ही अक्कल?”

ज्याला घास भरवला, ज्याच्या डगल्याला दर हिवाळ्यात नवे अस्तर लावले, त्याच्याच तोंडून… तोही तेच मानत होता तर! इतकी वर्षे!

एका वाक्याचे काम होते. जिभेच्या टोकावर ते आलेही होते. दुलमाने सासूबाईंकडे पाहिले. म्हातारी दाराची चौकट धरून उभी होती, आणि त्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती, पकडलेल्या चोराची उघडी भीती. दुलमाने वाक्य गिळले.

“तेव्हा माझी हिंमत कमी पडली, नामजिल,” ती म्हणाली. “आज नाही पडली.”

वाऱ्याची पहिली झुळूक आली. धूर एकदम आडवा झाला.

“खोटं!” सासूबाईंची काठी खाली पडली. “खोटं बोलतेय ही… हिची हिंमत त्या दिवशीही कमी नव्हती! तू मेंढ्यांमागं होतास, तुला काय ठाऊक! रिकिबीला लोंबकळली होती ही, सोडत नव्हती. मी… मी हिची बोटं सोडवली, एकेक करून. बाप असता तर खोगीर घालून झालं असतं, असं मीच म्हटलं त्याला. मी धाडलं माझ्या गालसनला! आणि मयतात बोट हिच्याकडे केलं…”

“आई!” नामजिल किंचाळला.

पुढचे बोलायला वादळाने उसंत दिली नाही. ती राखाडी कड एकदम उभी भिंत होऊन अंगावर कोसळली; टेकड्या गेल्या, मेंढवाडा गेला, समोरचा माणूस गेला. दुलमाने एका हाताने सासूबाईंची कंबर धरली, दुसऱ्याने नामजिलचा डगला, आणि दोघांना ओढत दारात लोटले.

आत मेंढ्या ओरडत होत्या. वाऱ्याने घर खालून उचलायला सुरुवात केली, लाकडी कूड करकरू लागला. तंबूच्या माथ्यावरच्या लाकडी चाकापासून लोंबणारा दोर दुलमाने खाली ओढला, त्याला शेणींचे पोते बांधले, ते पुरेना म्हणून स्वतः लोंबकळली. नामजिलने तिच्या हातांखाली दोर धरला. आणि मग सासूबाई आल्या. त्यांच्या ओंजळभर वजनाने काय फरक पडणार होता? पण त्यांनी सुनेच्या मुठींवर आपल्या मुठी आवळल्या.

“का नाही सांगितलंस?” त्या तिच्या कानाशी ओरडल्या, वाऱ्यात ओरडल्याशिवाय ऐकूच येत नव्हते. “एवढी वर्षं! एकदा तरी माझ्या तोंडावर फेकायचं होतंस!”

“नवरा तर गेलाच होता, आई… सासूही घालवायची होती का?”

म्हातारीचे कपाळ दुलमाच्या पाठीवर टेकले, आणि ती पाठ हुंदक्यांनी हलू लागली. कुणाचे हुंदके होते ते वाऱ्यालाच ठाऊक! पलीकडे नामजिल दोर धरून उभा होता, डोळे घट्ट मिटून, पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत होता… “वहिनी… वहिनी…” तिने एक हात सोडून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि लगेच पुन्हा दोर धरला.

वादळ ओसरल्यावर सगळ्यात आधी आला तो दक्षिणेकडच्या वस्तीवरचा चोयजिल म्हातारा. दाढीत बर्फ घेऊन तो आत वाकला, चुलीपाशी बसला आणि रीतीप्रमाणे विचारले, “हिवाळा सुखाचा आहे ना? जनावरं सुखरूप?”

याला ‘सुखरूप’ हे एकच उत्तर असते. गोठा ओस पडला तरी.

“मेंढ्या वाचल्या,” सासूबाई म्हणाल्या. “घोडे गेले. माझी दोन्ही लेकरं घरात आहेत.”

चोयजिलने वाडगा ओठांपासून खाली घेतला. “घोडे मी पाहिले. खाऱ्या तळ्याच्या काठी. काही उभे आहेत, बरेचसे आडवे. तुमचा तांबडा… आडवाच. पण त्यांच्यात तुमचा पिवळाही दिसला, जिवंत. दावणीचा ना तो? खोगीर तर दाराशी पाहिलं मी. वादळ डोक्यावर असताना बांधलेला घोडा कुणी सोडला हो?”

नामजिल पुढे सरकला, दुलमाने मान खाली घातली. असली गोष्ट एका घोटाबरोबर वस्ती-वस्तीवर जाते आणि नातवंडांपर्यंत पुरते. तिने ठरवलेच होते, जे होईल ते सोसायचे. तिला काय, सवय होती.

“मी,” सासूबाई म्हणाल्या.

“तुम्ही?”

“मी सोडला. आणि दुसरंही ऐकून जा, चोयजिल, तू त्या मयताला होतास म्हणून सांगते. गालसनला त्या दिवशी मी धाडलं होतं. माझ्या सुनेनं नाही. जाशील तिथं सांग.”

एक खोटे होते, एक खरे. म्हातारीचा आवाज दोन्हींना सारखाच ठाम होता. चोयजिलने काही विचारायला तोंड उघडले, पण तिची नजर पाहून पुन्हा वाडग्यात घातले. दुलमा घाईघाईने चुलीकडे वळली आणि शेणीमागून शेणी आत सारू लागली. आग चांगली पेटलेली होती, तरी ती सारतच राहिली, कारण पाहुण्यासमोर सुनेने रडायचे नसते, आणि धुराचे निमित्त तिला बराच वेळ पुरवायचे होते.