न धरणारी जागा

आमच्या हाँगकाँगच्या खाडीकाठी त्या काळी खचणारे डोंगर गिलावा करून बंद करीत. वाळू-सिमेंटमध्ये पोलादी तारांचे बारीक तुकडे मिसळायचे आणि हवेच्या जोराने तो माल कड्यावर फवारायचा. आ-क्वान नळी धरी. उडून खाली पडलेला माल सौ-यिंग ही हक्का बाई फावड्याने भरून टाकी. काळ्या झालरीच्या टोपीखाली तिचा चेहरा सहसा दिसत नसे.

आदल्या पावसाळ्यात याच कड्याची दरड कोसळली आणि तिचा नवरा किन-शिंग आत राहिला. पुष्कळ उकरलं, पण सापडला नाही. तिचे हक्का लोक पुरलेल्या माणसाची हाडं काही वर्षांनी बाहेर काढतात, पुसतात आणि मडक्यात बसवतात. तिचं मडकं रिकामं होतं. डोंगर बंद झाला की ते कायमचं रिकामं राहणार होतं. पण पायथ्याशी तिच्या मुलीचं, लिनचं घर होतं. घरात तान्हं बाळ. त्या दिवशी बंदरावर वादळाचा बावटा चढलेला, होड्या बंद, निघून जायला वाट नाही.

दुपारपर्यंत सगळा कडा करडा झाला. दाराएवढी एक जागा मात्र माल धरेना. आ-क्वानने पाणी कमी केलं, वाढवलं, नळी जवळ नेली. माल बसे, क्षणभर थांबे आणि सबंध पापुद्रा सुटून खाली येई. सौ-यिंगने एक पापुद्रा उचलला. त्याची मातीकडची बाजू कोमट होती. तिथल्या तारा आतून कुणी रेटल्यासारख्या वाकल्या होत्या.

"काकू, तुमचा डोंगर भारी नखरेल बघा."

"नवराही तसलाच. दहा हाका मारल्याशिवाय जेवायला उठायचा नाही."

आ-क्वान हसला. मग त्याने वर आभाळाकडे पाहिलं.

"मग मारा की हाक. एवढी जागा उघडी राहिली तर पाणी आत शिरेल आणि सगळा कडा लिनच्या घरावर येईल."

वारा वाढला. सौ-यिंगने फावडं टाकलं. ती शिडी चढली आणि तिने उघड्या मातीशी तोंड नेलं.

"अहो, ऐका ना. खाली लिन आहे. तुमचा नातू आहे. घ्या हे अंगावर. मडक्याचं राहू द्या."

तिने कपाळ मातीला टेकलं.

"मी येतेच की मागाहून."

ती उतरली. फवारा सुरू झाला.

माल बसला.

थांबला.

पडला नाही.

वादळ घोंघावून गेलं. सकाळी लिनच्या घराचं कौलदेखील हललं नव्हतं. आ-क्वान कड्याखाली उभा होता. सौ-यिंग आली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"काकू, आज तुम्ही घरी जा."

तिने वर पाहिलं. काल बंद झालेल्या जागेला लागूनच आणखी एक जागा उघडी पडली होती. सौ-यिंगहून उंच नाही, सौ-यिंगहून रुंद नाही. पायथ्याशी गिलाव्याचा तुकडासुद्धा पडला नव्हता. आणि रात्रभराच्या पावसानंतरही आतली माती कोरडी होती. कुणी यायचं म्हणून सारवून ठेवावी तशी.